इंदूर ते कोइंबतूर : जाताना दोघं, येताना तिघं

"गाडीनं दादा पोचायचा नाही. त्याला हवाई जहाजनं आणू," बाबा म्हणाले, आणि आमच्या घरात पहिल्यांदा विमानाची गोष्ट निघाली. आई कणीक मळत होती. तिने हात थांबवून आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मी भंवरकुआंच्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवायचे. घरात महिन्याच्या महिन्याला पगार माझाच यायचा, त्यामुळे कुठलाही मोठा बेत निघाला की सगळे माझ्या तोंडाकडे बघत.

स्वस्त विमानं नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्यासारखी माणसंही आता उडणार, असं पेपरात रोज छापून यायचं. म्हटलं, चला, उडून बघू.

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, माझे काका. ते कोइंबतूरला एका सूतगिरणीत होते. काकू तिकडेच वारल्या, मूलबाळ नाही. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या सेल्वम यांचा मला फोन आला. काका मोरीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, सरकारी दवाखान्यात ठेवलंय, खोकलाही आहे. शेवटी म्हणाले, "डेली सेइंग इंदोर, मॅडम. ओन्ली इंदोर."

फोन मला आला कारण बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही आणि काकांनाही नाही. दोघं भाऊ तरुणपणापासून इथल्या मिलच्या साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालतात तिथे. शेकडो माग एकदम धडधडायला लागले की शेजारचा माणूस ओरडला तरी समजत नसे. म्हणून मागवाले हातांनी आणि ओठांनी बोलत. धागा तुटला, मुकादम येतोय, चहाला चल, सगळ्याला खूण होती. काही वर्षांत कान गेले आणि ही भाषा तेवढी राहिली. घरी जेवताना दोघं एका अक्षराचा आवाज न करता तासभर भांडू शकायचे आणि आम्ही पोरं बघून हसायचो. पण ही भाषा समोरासमोरच चालते. काका कोइंबतूरला गेल्यापासून दोघांचं बोलणंच बंद झालं होतं. मी इकडून सेल्वमना सांगायचे, ते तिकडे खुणांनी समजवायचे, आणि असल्या निरोपात जेवढं टिकतं तेवढं टिकायचं.

काका इतक्या लांब का गेले, तेही सांगते. आमचे आजोबा फौजेत होते, महूच्या छावणीत. पोरांनी पलटणीत जायच्या ऐवजी मिलमध्ये जावं, घरी राहावं, असं आजीला वाटलं. मिल काय कुठे जाणार होती! नव्वदीच्या सुरुवातीला तिला कुलूप लागलं. बाबा रोज फाटकाशी जाऊन बसायचे, आज उघडेल, उद्या उघडेल. काका दोन महिने बसले आणि म्हणाले, हे नाही उघडत आता. एक मद्रासी मास्तर काही कारागिरांना घेऊन दक्षिणेत चालला होता, त्याच्याबरोबर ते गेले. तिकडे मागावर जागा नव्हती. कापसाच्या गाठी फोडून पिंजतात त्या खात्यात त्यांना घेतलं. बाबा मात्र पुढे कितीतरी वर्षं फाटकाशी जात राहिले. नंतर एका गाड्यांच्या शोरूमवर वॉचमन झाले. भावावर रागावले होते, तो थांबला नाही म्हणून. राग कधी गेला ते कळलं नाही, पण सेल्वमचा फोन आला त्या दिवशी तो नव्हता.

आता अंतराचं. नकाशावर पट्टी ठेवा. कोइंबतूर इंदूरच्या जवळजवळ सरळ खाली आहे. हवाई अंतर साधारण तेराशे किलोमीटर. थेट विमान असतं तर दोन तासांत पोचलो असतो. पण थेट विमान नाही. आधी मुंबई, तिथे ताटकळणं, मग दुसरं विमान. हवेतला एकूण वेळ तीन तासांच्या आसपास, पण सकाळी निघालेला माणूस संध्याकाळीच पोचतो. रेल्वेने दोन रात्री लागतात आणि थेट गाडी आठवड्यातून एकदाच. मी हे सगळं बाबांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी त्यातले फक्त दोन तास उचलले. गल्लीत सांगत सुटले, "दोन घंटे! इथून खंडव्याला जायला जास्त लागतात."

राजवाड्यामागच्या एका एजंटकडे तिकिटं काढली. जाताना दोन, येताना तीन. एजंट भला माणूस होता. त्याने बाबांच्या समोर तोंड नेऊन सावकाश विचारलं, "बाबूजी, पेशंट को तकलीफ क्या है?"

"टांग टूटी है."

"और कुछ? बीपी, शुगर, साँस-वाँस?"

"नहीं जी. मिल की खाँसी है बस. वो तो सबको रहती है."

एजंटने व्हीलचेअर लिहून घेतली. मीही शेजारी बसले होते आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. आमच्याकडे खोकला हा आजारच नव्हता. मिलचा माणूस खोकतो, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला जास्त खोकतो, सुटल्यावर गुळाचा खडा तोंडात टाकतो आणि घरी येतो. ताप आला तर आजार, पाय मोडला तर आजार. आम्ही सगळी तयारी पायाची केली. आईने पुढच्या खोलीत पलंग ओढला, त्याच्या पायांखाली विटा लावून उंच केला. शेजारच्या चौघांनी काकांना टॅक्सीतून खुर्चीसकट कसं उचलायचं याची मला बसवून तालीमही केली. मी वजनदार आहे, त्यामुळे तालीम चांगली झाली.

निघालो त्या सकाळी बाबांनी पांढरा बुशशर्ट आणि शोरूमचे काळे बूट घातले होते. पिशवीत शेव, आईच्या पोळ्या आणि काकांसाठी गुळाची ढेप. तपासणीत ढेप मशीनमधून दोनदा फिरवली. "ये क्या है, दादा?" असं त्या शिपायाने विचारलं तेव्हा बाबांनी एक खडा मोडून त्यालाच दिला. त्याने खाल्ला नाही, पण सोडलं.

इंदूर-मुंबई विमान लहान होतं, पंख्यांचं. पंखे फिरायला लागले आणि असला आवाज की मी कानात बोटं घातली. बाबा मात्र खुलले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "हे तर आपलं खातं!" हवाईसुंदरी पुढे उभी राहून काही सांगत होती. मला शब्द कळेना, बाबा तिच्या ओठांकडे बघून मला समजावत होते, "पट्टा बांध म्हणते. खुर्ची सरळ कर." एरवी मी त्यांची दुभाषी. त्या तासाभरात ते माझे झाले, आणि त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता.

मुंबईला दुपारपर्यंत बसून राहावं लागलं. चहाचा भाव ऐकून आम्ही तो प्यायलो नाही, बाहेरून येणाऱ्यांनी पोळ्या जरूर बांधून आणाव्यात. पुढचं विमान मोठं आणि शांत. बाबांना ते आवडलं नाही. शिवाय त्यांनी एक उद्योग सुरू केला: उजवा पाय गुडघ्यात न वाकवता, सरळ लांब करून बसायचं. काकांना असं बसता येईल का ते बघत होते. पाय मधल्या वाटेत गेला. हवाईसुंदरीने दोनदा गोड बोलून आत घ्यायला लावला, तिसऱ्यांदा गोड बोलली नाही. मग बाबांनी सगळ्यात पुढची रांग हेरली, जिथे पुढे खुर्ची नसते. "येताना ती जागा माग तिच्याजवळ. दादाचा पाय तिथं पसरेल." उतरेपर्यंत त्यांनी एक पाय ताठ ठेवला होता. विमानतळावर लंगडत चालत होते आणि खूश होते.

कोइंबतूरची हवा मला वाटलं होतं त्यापेक्षा थंड निघाली. दूरवर निळे डोंगर, रस्त्याच्या कडेने नारळ, आणि गिरण्यांची धुराडी. धुराड्यांमधून धूर निघत होता. बाबा टॅक्सीच्या काचेला नाक लावून मोजत होते का कोण जाणे. सेल्वम घ्यायला आले होते. लुंगी, इस्त्रीचा सदरा, पन्नाशीचे. दवाखान्यासमोरच्या लॉजमध्ये त्यांनी खोली ठेवली होती. साधी, पण स्वच्छ, पाणी भरपूर. खाली केळीच्या पानावर जेवण मिळतं, भात नको म्हणेपर्यंत वाढतात. पोळी मागू नका, मिळते ती मैद्याची. त्या दिवशी भेटीची वेळ संपली होती. सेल्वम म्हणाले, उद्या सकाळी.

सकाळी वॉर्डात गेलो. काकांना मी ओळखलंच नाही. मला आठवणारे काका दारातून आत येताना वाकायचे. पलंगावर होतं ते अर्धं माणूस होतं. पायाला वजन बांधलेलं आणि तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. प्रत्येक श्वासाला मानेच्या शिरा उभ्या राहत होत्या. मला रडू यायला लागलं आणि मी ते आवरलं नाही.

बाबा पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले, मागाच्या पलीकडे उभं राहावं तसे, आणि दोन्ही हात वर केले. काकांनी डोळे उघडले. आणि मग, खरं सांगते, वॉर्डातल्या नर्सेस काम थांबवून बघायला लागल्या. दोघांचे हात चालू झाले. मास्कमुळे काकांचे ओठ दिसत नव्हते, बोलायला दम नव्हता, पण बोटं भराभर चालत होती. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं निघत होतं. मला तुकडे कळले. काकांनी हाताने चौकोन केला आणि भुवया उडवल्या, म्हणजे मिल? बाबांनी मुठी एकमेकींवर आपटून सोडल्या. माग थांबला की करतात ती खूण. बंद. मग बाबांनी हात एकावर एक रचत वर नेले, तिथे आता मोठी इमारत होतेय. काका हसले आणि हसण्याचा खोकला झाला. नर्स धावत आली. तो खोकला मी लहानपणापासून ऐकत होते. इतका लांब कधी चाललेला ऐकला नव्हता.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी मला बाजूला बसवलं. मी तिन्ही तिकिटं पुढे केली आणि विचारलं, पायाला वजन आहे ते विमानात कसं करायचं?

त्या म्हणाल्या, "पायाचा प्रश्नच नाहीये. त्यांची फुप्फुसं संपली आहेत." कापसाची धूळ वर्षानुवर्षं आत गेली होती. ऑक्सिजन काढला की थोड्याच वेळात ओठ निळे पडतात. विमान उंचावर गेलं की आतली हवाही डोंगरमाथ्यावरच्यासारखी पातळ होते. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. "यांना त्या हवेत दोन तासही काढता येणार नाहीत. मी तसं पत्र देणार नाही आणि पत्राशिवाय कोणी त्यांना बसवून घेणार नाही." रेल्वे? दोन रात्री पुरेल इतका ऑक्सिजन डब्यात कोण सांभाळणार? गाडी करून? त्यांनी मान हलवली. "त्यांना इथेच आराम पडेल असं बघू."

बाबांना मी व्हरांड्यात सांगितलं, तोंडासमोर तोंड नेऊन, सावकाश. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

"पण दोनच घंटे तर आहेत."

"बाबा, वर हवा कमी असते."

"कापूसखात्यात कोणती हवा होती?" ते ओरडले. ऐकू न येणारी माणसं ओरडतात तेव्हा सगळा व्हरांडा वळून बघतो. "तिथं जनम काढला त्यानं. दोन घंटे नाही बसणार? मी बसून पाहिलं ना. पाय ठेवून पाहिलं. डॉक्टरीनबाईला सांग, खाँसी आहे नुसती. सांग तिला."

मी काय सांगणार होते! मुलांना रोज शिकवत होते, अंतर भागिले वेग, की वेळ मिळतो. वेळ कमी असला तरी माणूस तेवढा पुरेल का, हे त्या गणितात येत नाही. मला स्वतःचा, विमानांचा, ज्या मिलने हे केलं आणि ज्यांनी ती बंद केली त्या सगळ्यांचा संताप आला होता आणि तो काढायला समोर फक्त एक म्हातारा होता. मी तिकिटं पिशवीत ठेवली.

बाबा व्हरांड्यातल्या नळाशी गेले. मग तोंड धुऊन आत गेले. "मी सांगतो त्याला," म्हणाले. मी दारातून बघितलं. त्यांनी एक हात पसरून वर नेला, विमानासारखा. विमानाची खूण साचेखात्यात कुठून असणार, त्यांनी तिथेच बनवली. मग दोन्ही मुठी आपटून सोडल्या.  काकांनी हात उचलला, छोटीशी खूण केली आणि हात परत चादरीवर ठेवला.

"काय म्हणाले?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"म्हणाला, मग तू थांब."

आणि बाबा थांबले. शोरूमची नोकरी, घर, कशाचाही विचार केला नाही. सेल्वमनी त्यांना आपल्या घरी नेलं. एक शब्द दोघांना एकमेकांचा कळत नव्हता, पण सेल्वमही सूतगिरणीतलेच, काम भागलं. मला कोचिंगला परतणं भाग होतं.

विमानतळावर काउंटरशी व्हीलचेअर तयार उभी होती. पाठीवर काकांच्या नावाची चिठ्ठी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पॅसेंजर कुठे आहेत?" मी म्हटलं, मी एकटीच आहे. तिने दुसरं काही न विचारता चिठ्ठी काढली. मुंबईच्या विमानात मला पहिल्या रांगेतली जागा मिळाली. मी मागितली नव्हती.

राजेंद्र नगरच्या आमच्या गल्लीत टॅक्सी वळली तेव्हा चौघे शेजारी बाह्या सरसावून उभे होते. मी फोन केला होता, पण आईने गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगवलं नसणार. मी उतरले, आणि तरी त्यांच्यातला एक वाकून मागच्या सीटवर बघत राहिला. मग तो म्हणाला, "चल, सामान दे." सामान म्हणजे एक पिशवी होती.

काका महिनाभरही टिकले नाहीत. तिकडे आमच्यातलं कोणी नव्हतं, म्हणून त्रिशरण-पंचशील बाबांनी स्वतःच म्हटलं, त्यांना स्वतःलाही न ऐकू येणाऱ्या आवाजात. सेल्वम आणि गिरणीतले दहा-बारा जण हात जोडून उभे होते. सेल्वमनी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते रडत होते. बाबांसाठी विमानाचं तिकीट काढते म्हटलं, तर निरोप आला: नको. गाडीनं येतो.

हे लिहायचं कारण सांगते. कोइंबतूर सुंदर आहे, जा. उटी जवळ आहे, आम्ही ते बघितलं नाही. पण घरातल्या आजारी माणसाला विमानाने आणायचं असेल तर तिकिटाच्या आधी डॉक्टरला गाठा. आणि एजंटने विचारलं तर खोकला सांगा. मिलवाल्यांच्या घरात तर आधी खोकलाच सांगा. आता थेट विमान आहे का मला माहीत नाही, मी परत त्या बाजूला गेले नाही. त्या प्रवासातून माझ्याजवळ काय राहिलं असं विचाराल तर राग राहिला. तो कमी झालेला नाही आणि तो करावा असं मला वाटतही नाही.

बाबांना घ्यायला मी स्टेशनवर गेले. ते दोन रात्रींच्या प्रवासाने चुरगळलेले, पण शांत उतरले. हातात पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थींचा कलश. रिक्षात बसल्यावर त्यांनी खिशातून तिकीट काढून मला दिलं, ठेव म्हणाले. बघितलं तर दोन बर्थ होत्या.

"दुसरी कोणाची?"

"दादाची."

टीसीने वाटेत रिकामी बर्थ दुसऱ्याला द्यायला काढली होती. बाबांना त्याचं बोलणं कळत होतं, पण न कळल्यासारखं करून त्यांनी कापडाची गाठ थोडी सैल करून दाखवली. टीसीने कलश बघितला, यादीवर खूण केली आणि पुढे गेला. त्यानंतर इंदूरपर्यंत कोणी त्या जागेवर बसायला आलं नाही.

"ती खालची घेतली," बाबा म्हणाले. "त्याला वर चढता आलं नसतं, पाय मोडलेला." मग त्यांनी कलश मांडीवर नीट धरला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "भिया, आराम से चलाना."